पागेत बांधलेलं मेज

आमच्या पागेत घोडा नव्हता, पण कुलूप होतं. उत्तरेकडच्या आमच्या शहरात, दाना ओली नावाच्या गल्लीतल्या आमच्या घराला पुढे दोन खोल्या, मधे हातपंपाची मोरी, आणि तिच्या मागे ही पागा, एकाच जनावरापुरती. दगडी फरशी, वर पत्रा, एका भिंतीला लागून गव्हाण, समोरच्या भिंतीत लोखंडी कडी, आणि गव्हाणीपाशी जमिनीत गाडलेला शिसमाचा खुंटा. वर्षानुवर्षं दोर घासून त्या खुंट्याला मधोमध कंबर पडली होती. फरशी मागच्या अंगाला उतरती होती, घोड्याचं मूत वाहून जावं म्हणून. हा उतार लक्षात ठेवा. त्याने मला पुढे फार छळलं.

माझे वडील, म्हणजे आबा, रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, दफेदार होते. रिसाला मोडला तेव्हा घोडे लिलावात निघाले आणि आबांनी आपलाच घोडा बोली लावून घरी आणला. आई म्हणायची, लोक लिलावातून तांब्याचे हंडे आणतात, ह्यांनी जावई आणला. घोड्याचं नाव कल्याण. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. गल्लीतल्या सगळ्यांनी आबांना सांगून पाहिलं की दफेदार साहब, टांग्याला जुंपा, चार पैसे सुटतील. आबा म्हणाले, रिसाल्याचा घोडा टांगा ओढत नाही. मग घोड्याला नोकरी करावी लागू नये म्हणून आबांनी स्वतः केली. गिरणीच्या फाटकावर लाठी घेऊन उभे राहिले ते म्हातारे होईपर्यंत. कल्याण घरी बसून हरभरे खात राहिला.

माझ्या लहानपणीचा पहिला आवाज विचाराल तर तो आबांचा. गाणं नाही, हाक नाही. टाळूला जीभ लावून काढलेला एक आवाज, च्चक, च्चक, जनावराला ‘चल पुढे’ म्हणायचा. सकाळी गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी मागून तो यायचा आणि पाठोपाठ फरशीवर नाल वाजायचे. मी अंथरुणातच ओळखायचो की आता आबा खरारा करताहेत, आता पाणी दाखवताहेत. आम्हाला कुणाला ते कधी असं च्चक करून बोलावत नसत. आम्हाला नुसतं बघत.

कल्याण म्हातारपणाने गेला. त्या थंडीत आबांचं बोलणं कमी झालं. पुढच्या थंडीत आई गेली आणि ते जवळजवळ बंदच पडलं. बहिणीचं लग्न होऊन ती सागरला गेलेली. उरलो आम्ही दोघे, एक दफेदार आणि एक सहावीत शाळा सोडलेला मी. शाळेचं म्हणाल तर मला अक्षरं ओळखू येत, पण अक्षरं मला ओळख दाखवत नसत. आज हे लिहितोय तेही एकेक ओळ खोडून. कुणी सुधारून देतो म्हणालं तर मी नको म्हणतो. चुकलं तर माझं चुकेल.

दोन पुरुषांच्या घरात काय आवाज असतो ते ज्याने ऐकलंय त्यालाच माहीत. स्टोव्हचा असतो. ताटलीवर ताटली ठेवल्याचा असतो. शेजारच्या मिसराइन चाचींच्या घरून कढईत बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, सोडल्याचा चर्र आवाज यायचा, पाठोपाठ त्यांच्या पोरांची भांडणं, आणि आमच्याकडे आबा पोळ्या लाटत. त्यांच्या पोळ्यांना घोड्याच्या कानाचा आकार येई. तुरीच्या डाळीत हिंग इतका पडायचा की खाताना डोळ्यात पाणी यायचं, आणि त्यामुळे एक सोय झाली, डोळ्यात पाणी कशाचं आहे ते कुणी विचारत नसे. चाची कधी वाटीभर आलूची भाजी भिंतीवरून द्यायच्या. आबा ती वाटी रिकामी परत करत नसत, गुळाचा खडा तरी घालत. चाची म्हणायच्या, “दफेदार साहब, कटोरी लौटाते हो कि हिसाब चुकाते हो?” आबा यावर हसले असतील, पण त्यांच्या मिश्यांच्या आत काय चालायचं ते दिसत नसे.

लाकडाचं वेड कसं लागलं ते सांगतो. आईच्या पोळपाटाचा एक पाय निखळला. आबा पोळी लाटायला लागले की पोळपाट एका अंगाला बसायचा, आणि ते काही न बोलता खाली कागदाची घडी सरकवायचे. रोज घडी, रोज लाटणं, रोज गप्प. एके दिवशी ते ड्यूटीवर असताना मी तो पाय दगडाने ठोकून बसवायला गेलो आणि पोळपाटाला चीर पाडली. मग चीर बुजवायला डिंक लावला, डिंक वाळेना, म्हणून सुतळीने करकचून बांधून उन्हात ठेवला. संध्याकाळी सुतळी सोडली तर पोळपाट धड होता. पाय घट्ट होता. त्यावर आबांनी पोळी लाटली, हाताने हलवून पाहिला, आणि कागदाची घडी चुलीत टाकली. तेवढंच. पण मला त्या रात्री जेवण गोड लागलं. ह्या घरात काहीतरी तुटलेलं जोडता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तेव्हा मी टोपी बाजारात एका सेठजींच्या दुकानात माल उतरवायचं काम करत होतो. टोप्या, साफे, लग्नाचे फेटे. माल चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, लाकडी पेट्यांत यायचा. पेट्या फोडायच्या, फळ्या मागे फेकायच्या, आणि हिवाळ्यात त्या शेकोटीत जायच्या. चिडाच्या ताज्या फोडलेल्या फळीचा वास एकदा नाकात बसला की माणूस कामातून जातो. मी सेठजींना विचारून फळ्या घरी न्यायला लागलो. त्यांना वाटलं चुलीसाठी. मीही तसंच वाटू दिलं.

जेवताना एकदा मी म्हणालो, “आबा, पागेची चाबी पाहिजे.”

“कशाला?”

“काम करायचंय.”

“कसलं?”

“लाकडाचं.”

आबांनी घास संपवला. पाणी प्यायले. “आपल्यात कुणी जमिनीवर बसून, पायात लाकूड धरून तासलेलं नाही,” म्हणाले.

“मी उभ्याने करीन.”

मला तेव्हा काही येत नव्हतं, पण हे तोंडातून गेलं आणि गेलं ते गेलं. आमच्याकडचे सगळे मिस्त्री जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्यांत फळी दाबून काम करत, आणि अगदी सुरेख करत. त्याला मेज लागत नाही, जागा लागत नाही, काही लागत नाही. शिकणाऱ्याने तसंच करावं. पण मी मराठ्याचा पोर, आणि आबांसमोर शब्द टाकलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पाटावर चाबी होती. आबा लाठी घेऊन दारात उभे होते. पाठमोरेच म्हणाले, “खुंट्याला हात लावायचा नाही.”

त्याचं कारण असं. घोडा गेल्यावर आबांनी पागा बंद केली, पण खंडेनवमीला ती उघडायची. आमच्यात नवमीला शस्त्रं पुजतात. तलवार, भाल्याचं पातं, आणि जिवंत असताना घोडाही. त्याच्या कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. घोडा गेल्यावर आबा तेच कुंकू खुंट्याला लावत. माळ खुंट्याला. वर्षातून एकदा, आणि मग परत कुलूप.

कारखाना कसा उभा केला ते आता सांगायला हरकत नाही. माझा नातू मोबाईलवर मला दाखवत असतो, आजोबा हे बघा, नवशिक्याला लागणारी हत्यारं, आणि त्यात यंत्रांची रांग लागलेली. मी बघतो आणि मोबाईल परत देतो. मी सुरुवात केली ती झाडूने. पागेतलं वाळलेलं गवत, लिदीचा मुरलेला जुना वास, कोळ्यांची जाळी. आधी जागा स्वच्छ करावी, मग तिथे उजेड कुठून येतो ते बघावं. आमच्याकडे उजेड फक्त दारातून यायचा, म्हणून मेज दाराकडे तोंड करून हवं, एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं. मग पेट्यांचे खिळे काढून दगडावर सरळ करायला बसलो. सरळ केलेला खिळा नव्यापेक्षा हट्टी असतो, परत तिथेच वाकतो जिथे पहिल्यांदा वाकला होता.

हत्यारांसाठी मुरारला गेलो, पायी. तिथे छावणीचं मोडकं सामान विकणारे कबाडी बसत. एक करवत मिळाली, दात बोथट पण पातं सरळ. माझं आजही सांगणं आहे, करवतीचं पातं डोळ्यासमोर धरून बघा, दात कुठलाही पोर घासून देईल, वाकलेलं पातं कुणी सरळ करत नाही. एक लाकडी रंधा मिळाला, त्याचं पातं गंजून चॉकलेटी झालेलं. ते मी विटेवर रॉकेल टाकून घासलं, मग पाट्यावर, मग गुळगुळीत दगडावर, इतका की मनगटाला गाठी आल्या. पटाशी विकत घ्यायची ऐपत नव्हती. रस्त्याच्या कडेला गाड्या लावून राहणारे लोहार असतात ना, त्यांच्यातल्या एका बाईने मोटारीच्या कमानीचा तुकडा तापवून, ठोकून, मला पटाशी करून दिली. नवरा भाता फुंकत होता आणि घण ती मारत होती.

बाकीचं सगळं पागेनेच दिलं. नालबंद खुर घासायची मोठी कानस ठेवून गेला होता, तिच्याने लाकडाची कड अशी उतरते की लोणी. रिकिबीची चामड्याची वादी भिंतीला टांगलेली होती, तिच्यावर रंध्याचं पातं फिरवलं की धार लागते. खराऱ्याने भुसा झाडायचो. गव्हाणीत फळ्या ठेवायचो. घोड्याचं घर घोड्याच्याच सामानाने मी माझं करत होतो आणि आबांना काही दिसत नव्हतं, कारण ते आत येत नव्हते. माझ्या पायजम्यावर भुसा बघायचे आणि नजर फिरवायचे.

मग मेज. पेट्यांच्या फळ्यांचं, चार पायांचं, मी एकट्याने केलेलं. पायांना आडव्या तिरक्या पट्ट्या लागतात हे मला माहीत नव्हतं. उभं केलं तर दिसायला झकास. त्यावर फळी ठेवली, रंधा धरला, जोर लावला, आणि रंध्याऐवजी मेज पुढे गेलं. परत ढकललं, परत गेलं. फरशीच्या उतारावर ते पाय ओढत ओढत मागच्या भिंतीतल्या भोकाकडे निघालं. मी पायांखाली दगड लावले, दगड सरकले. वर पोतं भरून ठेवलं, तर पोत्यासकट चाललं. एका बाजूला रंधा हातात घेतलेला मी, आणि समोर घरून पळून चाललेलं मेज. मला हसू आलं आणि हसणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून ते लगेच विझलं.

शेवटी मी ते बांधलं. पागेत घट्ट अशी एकच गोष्ट होती, खुंटा. घोड्याला बांधायचे जुने दोर भिंतीला होतेच, पुढचा तो अगाडी आणि मागच्या पायांचा तो पिछाडी. अगाडीने मेजाचे पुढचे पाय खुंट्याला आवळले, पिछाडीने मागचे पाय भिंतीतल्या कडीला. आबांनी हात लावायचा नाही म्हटलं होतं. मी हात लावला नाही, दोर लावला. कुणाला ही पळवाट वाटली तर वाटू दे. खुंटा उपटला नव्हता, कापला नव्हता. खुंटा बांधायलाच असतो.

त्यानंतर माझ्या संध्याकाळी तिथे जायला लागल्या. दुकानातून आलो की भाजी टाकायची, आबांची वाट न बघता पागेत शिरायचं. रंधा चालला की त्याचा आवाज येतो, आत ओढलेल्या श्वासासारखा, आणि मग थांबतो. घरात दुसरं कुणीतरी आहे असं वाटतं. मी फळीशी बोलायचोही. बोलायचो म्हणजे शिव्या द्यायचो, पण ते बोलणंच झालं. आबा परत आले की पुढच्या ओट्यावर बसत. मधे दोन खोल्या आणि एक मोरी. मी रंधा थांबवला की त्यांचं खोकणं ऐकू येई, ते खोकायचे थांबले की त्यांना माझा रंधा ऐकू येत असेल. आम्हा बापलेकांचं त्या वर्षी एवढंच बोलणं.

भाद्रपदात सेठजी घरी आले. दुकानाच्या तळघरात ओल धरून त्यांचे साफे डागाळले होते आणि पुढे लग्नसराई होती. “दफेदार साहब,” ते म्हणाले, “पीछे की पायगा खाली पड़ी है, मुझे गोदाम को दे दो. किराया महीने का महीना घर बैठे आएगा. अब चौकीदारी की उमर है आपकी?” मी पाण्याचा लोटा घेऊन उभा होतो. सेठजी माझ्याकडे बघून हसले, म्हणाले, लडका तो अपना ही है, चाबी भी उसी के पास रहेगी. खरं सांगायचं तर त्यांच्यात वाईट काही नव्हतं. गुडघे आबांचे खरोखरच गेले होते. गिरणीच्या फाटकावरून येताना ते गल्लीच्या तोंडाशी थांबून श्वास घ्यायचे, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं दाखवत.

आबा म्हणाले, “पितृपक्षात हो-ना करत नाही आम्ही. दशहरे को बताऊँगा.”

सेठजी गेले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. विचारायला मला लाज नव्हती, मला राग होता. ज्याला दिसतंय त्याला का सांगायचं. आता वाटतं, त्यांचंही तेच होतं.

मी ठरवलं, नवमीपर्यंत असं काही करायचं की आबांना बोलावं लागेल. शस्त्रपूजेसाठी पाट करायला घेतला. आबा दरवर्षी जमिनीवर लाल पंचा टाकून त्यावर तलवार ठेवायचे. मी म्हटलं, ह्या वर्षी तलवार पाटावर बसेल. चांगली रुंद फळी निवडली, खाली दोन पट्ट्या ठोकल्या, वरून रंधा, मग कानस, मग काचेच्या तुकड्याने खरवड. सगळं नवरात्र त्यात गेलं. घरात घट, पोटात उपास, आणि हातांना फोड. दोर बांधूनही मेज थोडं थोडं नाचायचंच, पण मला सवय झाली होती, मीही त्याच्याबरोबर हलायचो.

खंडेनवमीच्या सकाळी आबांनी अंघोळ केली, तलवार काढली, तेलाच्या बोळ्याने पुसली. पातं, लगाम, रिकिबी, सगळं ओळीने. मी पाट आणून समोर ठेवला. आबांनी तो उचलला, एक डोळा मिटून त्याच्या कडेवरून नजर टाकली. मग खाली ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबलं. समोरचा कोपरा उठला. दुसऱ्यावर दाबलं, हा बसला तो उठला.

“लंगडतोय,” म्हणाले.

आणि पाट भिंतीला टेकवून, दरवर्षीसारखा लाल पंचा जमिनीवर अंथरला. पूजा केली. तलवारीला गंध, लगामाला गंध, रिकिबीला फूल. माझी हत्यारं पागेत होती. घेऊन ये म्हणतील म्हणून मी उंबऱ्यात उभा राहिलो. ते म्हणाले नाहीत. मीही न विचारता आणणाऱ्यातला नव्हतो. बाहेर चाचींची पोरं एका कडेला रामलीलेतली तीरकमठी खेळत होती, आणि मला वाटलं जगात सगळ्यांना कुणी ना कुणी आहे, शत्रू तरी आहे.

मग आबा ताट घेऊन उठले, कुंकू, माळ, निरांजन, आणि मोरी ओलांडून पागेकडे निघाले. मला आदल्या रात्री दोर सोडता आले असते. सोडले नाहीत. सोडले असते तर मेज नुसतं लाकूड झालं असतं, आणि मी सेठजींच्या दुकानातला हमाल.

आबा दारात थांबले. मी मागे. आत त्यांच्या कल्याणच्या जागी माझं मेज उभं, पुढून अगाडी, मागून पिछाडी, चारी पाय बांधलेले. खुंट्याच्या कमरेत जिथे घोड्याचा दोर असायचा तिथेच तोच दोर.

निरांजन वाऱ्याने गेलं.

“बांधलंयस कशाला?” आबा म्हणाले.

“चालतं.”

“काय चालतं?”

“मेज. रंधा मारला की पुढे निघतं. थांबत नाही.”

आबा आत गेले. ताट गव्हाणीवर ठेवलं. खाली वाकले, गुडघा धरून, आणि मागच्या पायाचा दोर दोन बोटांनी ओढून पाहिला.

“ही गाठ कुणी शिकवली?”

“कुणी नाही.”

“दिसतंय.” त्यांनी गाठ सोडली. नखांनी सुटेना तर दातांनी सोडली. “पिछाडी ढिली राहिली की जनावर लाथ झाडतं. अगाडी जास्त आखडली की बसतं. दोन्हीकडची ओढ सारखी पाहिजे, मग उभं राहतं. तू पुढून गळा आवळलायस आणि मागून मोकळं सोडलंयस. नाचेल नाही तर काय.”

मी बघत राहिलो. माझ्या आठवणीत आबा त्या वर्षात एका दमात एवढं बोलले नव्हते. त्यांनी दोन्ही दोर नव्याने बांधले. एका झटक्यात सुटणारी घोड्याची गाठ असते, ती घातली. उठताना मेजाच्या कडेवर हात टाकून जोर घेतला, ते हललं नाही. मग त्यांनी पंजाने मेजाच्या कुशीवर एक थाप मारली, जशी खरारा झाल्यावर कल्याणच्या मारत. कुंकवात अंगठा बुडवून खुंट्याला लावला. अंगठ्यावर थोडं उरलं होतं. ते त्यांनी मेजाच्या पुढच्या फळीला पुसलं. पूजा म्हणून लावलं की बोट पुसलं, हे मी आजवर कुणाला सांगू शकलेलो नाही. ताट उचलून निघून गेले. सेठजींचं काय, ते बोललेच नाहीत. मी आत उभा राहिलो, आणि सांगतो, कुलूप लागणार हे समजून पुरता घाबरलो होतो. बांधून दिलेलं जनावर माणूस विकतोही.

दसऱ्याला सकाळी सेठजी पेढ्यांची पुडी घेऊन आले. राम राम झालं, सोनं दिलं घेतलं. मग ते म्हणाले, “तो चाबी ले जाऊँ, दफेदार साहब? कल से माल उतरवा दूँ.”

आबा ओट्यावर बसले होते. “पायगा खाली नहीं है, सेठजी.”

“खाली नहीं है? घोड़ा तो कब का गया.”

“जानवर बँधा है.”

सेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. “कौन-सा जानवर?”

“नया है. अड़ियल है,” आबा म्हणाले. “अभी काठी नहीं लेता.” म्हणजे पाठीवर खोगीर अजून चढवू देत नाही.

सेठजी आधी हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की आबा हसत नाहीत. पेढ्यांची पुडी ओट्यावर ठेवत ते म्हणाले, “तो लड़के को भी घर पे ही बाँध लो. माल ढोनेवाले मुझे बहुत मिल जाएँगे.”

“ठीक है,” आबा म्हणाले.

एवढ्या दोन शब्दांत माझी नोकरी गेली, चिडाच्या पेट्या गेल्या, घरबसल्या येणारं भाडं गेलं, आणि आबांची चौकीदारी आणखी वाढली. ते पुढेही त्या फाटकावर उभे राहिले. गल्लीच्या तोंडाशी थांबून वाट बघत असल्यासारखं दाखवत राहिले. पुढच्या काळात मी फळ्या कुठून आणल्या, पहिलं गिऱ्हाईक कसं आलं, ते वेगळं. आज माझा मुलगा पुण्याहून फोन करतो, बाबा, पागा पाडून गाड्यांना भाड्याने द्या, एकटे किती दिवस त्या भुशात बसणार. त्याचं बरोबर असेल. मी त्याला म्हटलंय, दसऱ्याला सांगतो.

तर त्या दिवशी सेठजी गेले आणि आबा ओट्यावरच बसले. मला वाटलं आता आत येतील, एकदा तरी, काय करतोयस बघायला. मी पागेत गेलो, लंगडा पाट उलटा करून मेजावर ठेवला आणि थांबलो. मोरीकडे कान लावून बराच थांबलो. पावलं आली नाहीत. ते आले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही, नवमी सोडली तर कधी नाही. शेवटी मी रंधा घेतला आणि जोर लावला. मेज जागचं हललं नाही. लाकडाची लांब पट्टी निघाली, पहिल्यांदाच अखंड, आणि गुंडाळत खुंट्यापाशी पडली. मी दुसरी काढली, मग तिसरी, मुद्दाम जोरात, पुढच्या दारापर्यंत आवाज जाईल अशी. मग दम खायला थांबलो.

पुढून, दोन खोल्या आणि एक मोरी ओलांडून, आवाज आला. टाळूला जीभ लावून काढलेला. च्चक, च्चक.

नंतर शेजारच्या चाचींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, पाल चुकचुकली असेल. त्या वेळी मी रंधा पुढे ढकलला.